देवापुढे द्यायची कैफियत: नास्तिकानं ती कशी लिहावी

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मी छत्तीस वर्षं एका वकिलांकडे कारकून होतो. घरमालक आणि भाडेकरूंचे दावे, पागडीची भांडणं, जागा खाली करून मागण्याचे खटले. कागद इंग्रजीत टाइप होत. सहीआधी ते पक्षकाराला मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे. "आजी, यात लिहिलंय की तुम्ही चार वर्षं भाडं भरलं नाही. हे खरं का?" असे प्रश्न विचारत नोकरी झाली. दाव्याला प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो त्याला कैफियत म्हणतात.

मी देव मानत नाही. बायको माळकरी आहे, एकादशी चुकवत नाही. दोन वर्षांपूर्वी तिची बायपास ठरली. आदल्या संध्याकाळी, भेटीची वेळ संपत आलेली असताना ती म्हणाली, "अहो, माझं काही नाही, मी पांडुरंगाच्या पायाशी जाईन. पण तुम्ही तिकडे आल्यावर काय सांगणार?" तिकडे कुणी नसतं, हे माझं नेहमीचं उत्तर मी दिलं. ती म्हणाली, "आणि असला तर? जगाच्या कैफियती लिहिल्यात, स्वतःची का लिहीत नाही?" ऑपरेशन नीट झालं, ती घरी आली. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. गेल्या पावसाळ्यात मी ती कैफियत लिहून काढली. माझ्यासारखे जे असतील, आणि ज्यांच्या घरात त्यांची अशी काळजी करणारं कुणी असेल, त्यांना ती लिहिण्याची पद्धत सांगतो.

सुरुवातीची अडचण मनाची असते. देव नाही म्हणायचं आणि त्यालाच उत्तर लिहायचं, हे ढोंग झालं नाही का? नाही. दिवाणी कामात पर्यायी बचाव रोज घेतला जातो. "मी या मालकाचा भाडेकरूच नाही, आणि कोर्टाला मी भाडेकरू वाटलोच, तर माझ्याकडे भाडं थकलेलं नाही." पहिलं म्हणणं न सोडता दुसरं मांडता येतं. म्हणून आपली पहिली ओळ अशी: "देव नाही असं मी आजही मानतो. हे म्हणणं कायम ठेवून, तो असल्यास माझं सांगणं पुढीलप्रमाणे." ही ओळ लिहिली की हात मोकळा होतो.

दुसरं, हे काम धडधाकट असताना करा. आपल्या कोर्टात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावी लागते, फार तर नव्वद. इथे समन्स कधी येईल ते कुणाला ठाऊक नसतं, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस एक तर घाबरून लिहितो किंवा हट्टानं. दोन्ही कागद टिकत नाहीत.

आता कोर्ट कोणतं ते पाहा. माणसं इथे घाई करतात. आरोप न वाचताच उत्तर लिहितात. "तू मला मानलं नाहीस" हाच एक आरोप असणार असं आपण धरून चालतो. मुंबईत राहिल्यामुळे मला हे नीट विचारून घेता आलं. आमच्या अशिलांत पारशी मालक होते, बोहरी दुकानदार होते, वांद्र्याच्या गावठाणातले ख्रिस्ती होते. कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारा होईपर्यंत तास तास बसावं लागतं. त्या वेळात मी प्रत्येकाला विचारत गेलो आणि मग घरी येऊन वाचत गेलो.

पारश्यांकडे मेल्यानंतर चौथ्या दिवसाच्या पहाटे आत्मा चिन्वत पुलाशी येतो आणि रश्नू हा दैवी न्यायाधीश तराजू धरतो. तिथे विचार, उच्चार आणि आचार तोलले जातात. ज्यूंच्या तालमूदात न्यायासनापुढे माणसाला विचारायच्या प्रश्नांची यादी आहे, आणि त्यातला पहिला प्रश्न असा: व्यवहार सचोटीनं केलास का? हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कोर्टकचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला यापेक्षा अवघड प्रश्न दुसरा नसेल. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या निवाड्याला राजा पाहतो ते भुकेल्याला जेवू घातलं का, तुरुंगातल्याला भेट दिली का. ज्यांनी हे केलं त्यांना आपण हे राजासाठी केलं याची खबरही नसते. बौद्धांच्या मज्झिम निकायात देवदूत सुत्त आहे. त्यात यम विचारतो: तान्हं मूल पाहिलं नाहीस का, म्हातारा, आजारी, शिक्षा भोगणारा, मेलेला माणूस पाहिला नाहीस का? पाहिलास, तर आपणही असेच होणार, आतापासून नीट वागावं, हे तुझ्या मनात का आलं नाही? या यमाच्या प्रश्नांत ईश्वर मानलास का, हा प्रश्नच नाही.

कुराणाच्या सतराव्या सूऱ्यात म्हटलंय की प्रेषित पाठवल्याशिवाय आम्ही शिक्षा करत नाही. त्यावर इमाम गझालींनी, जे ११११ साली वारले, असा विचार मांडला की ज्यांच्यापर्यंत संदेश पोचलाच नाही, किंवा विपर्यास होऊन पोचला, त्यांना सबब मिळते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली लिहून ठेवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना देवाची स्पष्ट ओळख झाली नाही आणि जे सरळ जगण्याची धडपड करतात, त्यांनाही लागेल ती मदत देव नाकारत नाही.

आपल्याकडे तर शब्दच तपासून घ्यावा लागतो. जुन्या शास्त्रांत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. पूर्वमीमांसक वेद मानत पण जग निर्माण करणारा ईश्वर मानत नसत, तरी त्यांची गणना आस्तिकांत होते. चित्रगुप्ताच्या वहीत कोणत्या अर्थानं नोंद झाली आहे, हे विचारण्याचा हक्क प्रतिवादीला आहे.

पण सोयीचे कागद तेवढे उचलू नका. याच धर्मांत श्रद्धेवाचून सुटका नाही असं ठामपणे सांगणाऱ्या मोठ्या परंपरा आहेत, आणि त्यांचे आधारही ग्रंथांतच आहेत. ते लपवले तर समोरचा तेच पान उघडून ठेवतो. माझ्या कैफियतीत मी दोन्ही बाजू लिहिल्या.

मग कलमवार उत्तर. दिवाणी संहितेच्या आठव्या आदेशात नियम आहे: जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही ती कबूल समजली जाते, आणि गुळमुळीत नकार चालत नाही. म्हणून "मी तसा अगदी नास्तिक नव्हतो", "एक शक्ती आहे असं वाटायचं", "गणपतीला घरी आरतीला उभा राहायचो" असलं काही लिहू नका, ते खरंच तसं असेल तर गोष्ट वेगळी. मी लिहिलं: "विश्वास ठेवला नाही, हे कबूल." एवढंच. तीन शब्द कमी लिहिले तर उलटतपासात तीस प्रश्न वाचतात.

त्याखाली कारण. बरेच जण इथे पास्कलचं गणित आठवून डळमळतात. सतराव्या शतकातला हा फ्रेंच गणिती. देव असला आणि मानला तर अपार लाभ, नसला तर नुकसान जवळजवळ नाही, म्हणून मानण्याच्या बाजूनं पैज लावा, असं त्याचं सांगणं. मी याचा फार विचार केला आणि हा मार्ग सोडला. एक तर विश्वास हा दिव्याच्या बटणासारखा नसतो. उद्या सकाळपासून वरळीचा समुद्र गोड आहे असं माना म्हटलं तर मला मानता येणार नाही. पास्कललाही हे ठाऊक होतं, म्हणून तो म्हणे आधी विधी करायला लागा, विश्वास मागून येईल. पण मूळ हेतू फायद्याचा असला तर तो कागदावर दिसतोच. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "हिशेब करून आलेला माणूस पांडुरंगाला ओळखता येत नाही होय?" तिनं निकाल दिला. मीही तोच दिला.

पुराव्याचा मुद्दा यानंतर येतो, आणि तो सगळ्यांचा आवडता. देव समोर आला तर काय म्हणाल, या प्रश्नावर बर्ट्रांड रसेल यांचं म्हणून एक उत्तर सांगितलं जातं: पुरावा पुरेसा नव्हता. उत्तर चांगलं आहे. मीही ते घेतलं. पण कारकून म्हणून सांगतो, ते एकटं उभं राहत नाही. पुरावा नव्हता म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न ठरलेला असतो: शोध घेतलात का? कुठे, कधी, किती? आमच्याकडे "नोटीस मिळाली नाही" म्हणणारे पुष्कळ येत. पोस्टमन आला तेव्हा दार उघडलं नव्हतं, हे मागाहून निघे.

म्हणून शोधाचा तपशील वेगळ्या परिच्छेदात द्या. त्यात आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही घाला. माझी अशी: १९९८ साली बायकोबरोबर पुणे ते सासवड एक दिवस दिंडीत चाललो. दिवे घाटात पाऊस आला, पुढेमागे हजारो माणसं एकच अभंग म्हणत होती, आणि माझा गळा दाटून आला. मला पुढचं दिसेना. बायकोला वाटलं, आलं. मी तिला म्हणालो की हे गाण्यामुळे झालं. आजही मला तसंच वाटतं. पण कैफियतीत मी दोन्ही लिहिलं आहे, काय झालं ते आणि मी त्याचा अर्थ काय लावला तो. अर्थ चुकला असेल तर कोर्टानं सांगावं. घडलेलं मी लपवलेलं नाही.

याच परिच्छेदात एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, आणि तो टाळला तर सगळा कागद पोकळ होतो. आपला अविश्वास विचारातून आला की रागातून?

माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आमची दहा बाय बाराची खोली, पाच माणसं. आईनं पालीच्या खंडोबाला नवस केला, गिरणी सुरू होऊन यांना कामावर घेतलं तर जागरण घालीन. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. वडिलांना परत बोलावणं आलं नाही. १९८३च्या पावसाळ्यात मी देव्हाऱ्यातले टाक काढले, फडक्यात गुंडाळले आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकले. नवस फेडायचीच वेळ येत नाही तर देव कशाला, असं काहीसं मी ओरडून म्हणालो होतो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, घरात पगार आणणारा एकटा. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी त्या ट्रंकेच्या झाकणावर एक झेंडूचं फूल ठेवू लागली. चार वर्षं. मी ते रोज पाहून कामावर जात होतो. १९८७ साली ती गेली तेव्हा टाक ट्रंकेतच होते. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, बायकोनं ट्रंक उघडली आणि देव्हारा परत मांडला.

आगरकर, चार्वाक, रसेल मी यानंतर वाचले. माझी मतं त्यांतून पक्की झाली आणि ती मला आजही बरोबर वाटतात. पण सुरुवात तिथे झालेली नाही, आणि तशी झाली असं लिहिणं खोटं होईल. म्हणून कलम असं आहे: "अविश्वासाची सुरुवात रागातून, पुढे विचारातून. टाक काढले हे कबूल. यावर बचाव नाही." देवाशी भांडायचा हक्क मला होता असं मी मानतो. आईच्या आणि तिच्या देवाच्या मध्ये उभं राहायचा नव्हता. तुमच्या कैफियतीतही असं एखादं कलम निघेल. कुणाच्या उपासाची टिंगल केली असेल, मरणाऱ्या माणसाशी वाद घातला असेल, मुलीच्या हातातली पोथी काढून घेतली असेल. ते शोधा आणि कबूल म्हणून लिहा. ते देवाविरुद्ध केलेलं नसतं. त्यातला फिर्यादी माणूस असतो, आणि तो पलीकडे साक्षीला आलेला असू शकतो.

प्रतिदाव्याबद्दल, म्हणजे प्रतिवादीनं समोरच्यावरच केलेल्या उलट दाव्याबद्दल, थोडं. देवानं विचारायच्या आधी त्यालाच विचारायचं, ही पद्धत जुनी आहे. २०१५ साली आयर्लंडच्या टीव्हीवर स्टीफन फ्राय या इंग्रज नटाला देव समोर आला तर काय म्हणाल असं विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी लहान मुलांना हाडांचा कर्करोग का, हे देवाला विचारीन असं सांगितलं. काहींना ते उद्धट वाटलं. आपल्या संतांनी विठ्ठलाला याहून कडक बोल लावलेत. जनाबाईंनी शिव्या दिल्या, तुकोबा तर एका अभंगात "माझे लेखी देव मेला" म्हणून मोकळे झाले. तेव्हा प्रश्न विचारायला भिऊ नका.

मात्र प्रतिदावा दुसऱ्याच्या वतीनं असेल तर त्याच्याशी आपलं नातं काय ते दाखवावं लागतं. परळला टाटा रुग्णालयाबाहेर बाहेरगावची माणसं आजारी पोरं घेऊन फुटपाथवर राहतात. मी त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं गेलो आणि मनातल्या मनात देवाविरुद्ध प्रतिदावा तयार केला. एकदाही थांबलो नाही. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की उलटतपासात पहिला प्रश्न येईल, त्यांचं दुःख तुम्हाला एवढं लागलं, मग तुम्ही काय केलंत? गेल्या वर्षापासून मी शनिवारी तिथे जातो. केसपेपर वाचून दाखवतो, अर्ज भरून देतो. मला तेवढंच येतं. देवाला दाखवायला जात नाही, आणि जात असेन तर तेही लिहायला हवं, म्हणून सांगतो: पहिले दोन शनिवार तसं होतं, नंतर राहिलं नाही. प्रतिदावा मी अजून मागे घेतलेला नाही.

साक्षीदार निवडताना मोठी नावं घालायचा मोह होतो. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली तरी ते आपल्या मतावरून ढळले नाहीत. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असं त्यांनी आईला कळवलं होतं, आणि ३९व्या वर्षी गेले. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालून मारलं. या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यांचं नैतिक बळ माझ्या खात्यात जमा होत नाही. ते आपापल्या कैफियती घेऊन उभे राहतील. आपले साक्षीदार म्हणजे शेजारी, हाताखालची माणसं, ज्यांचे पैसे आपल्याकडे होते ते.

बाहेरचा साक्षीदार मी एकच घेतला, आणि तो समोरच्या पक्षाचा. सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली लिहिली. ईश्वर आहे हे सिद्ध करणारा हा मोठा ग्रंथ. सगळे युक्तिवाद मांडून झाल्यावर शेवटी ते देवालाच विनवतात: एवढं धुऊनही ज्यांच्या हृदयात तुला जागा मिळत नाही ती माणसं दगडाच्या काळजाची खरी, पण विरोध करता करता तीही तुझंच चिंतन करत असतात, तेव्हा हे कारुणिका, वेळ आली की कृपेनं त्यांनाही तूच पार ने. नास्तिकांशी आयुष्यभर लढलेल्या माणसानं त्यांच्यासाठी केलेला हा अर्ज मी जसाच्या तसा जोडला आहे. "दगडाच्या काळजाची" हे शब्द खोडले नाहीत.

कागदपत्रं फार नकोत. मी नेत्रदानाचा अर्ज भरला आहे, त्याची पावती ठेवली. हे तुम्हीही करा, पण एक ध्यानात घ्या: डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावे लागतात आणि त्या वेळी निर्णय घरच्यांच्या हातात असतो. नुसती पावती कपाटात असून भागत नाही. मुलांना बसवून सांगून ठेवा. देणग्यांच्या पावत्या मात्र जोडू नका.

शेवटी सत्यापन. कैफियतीखाली कोणती कलमं स्वतःच्या माहितीची आणि कोणती ऐकीव माहितीवरून खरी मानलेली, हे वेगळं सांगून सही करावी लागते. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला. आईचं, दिंडीचं, शनिवारचं, ही कलमं स्वतःच्या माहितीची. देव नाही, हे कलम दुसऱ्या गटात गेलं: वाचून, विचार करून खरं मानलेलं. छत्तीस वर्षं लोकांना हा फरक समजावून दिला होता, स्वतःच्या बाबतीत तो पहिल्यांदा केला.

कागद पुरा झाल्यावर पक्षकाराला करायचो तसं मी तो बायकोला वाचून दाखवला. ट्रंकेच्या कलमाशी तिनं मला थांबवलं. म्हणाली, झेंडू नव्हता, अबोली असायची, सासूबाईंच्या बहिणीनं तिला सांगितलं होतं. मला झेंडूच आठवतो. ते कलम स्वतःच्या माहितीचं असल्यानं मी झेंडू तसाच ठेवला आणि खाली तिचं म्हणणं नोंदवलं.

कैफियतीची प्रत समोरच्या पक्षाला द्यावी लागते, ती मिळाल्याची सही मूळ कागदावर घ्यायची पद्धत आहे. मी झेरॉक्स काढून आणली होती. बायकोनं ती माझ्या हातातून घेतली, घडी घालून देव्हाऱ्यात टाकांच्या मागे ठेवली, आणि माझ्या मूळ कागदावर "प्रत मिळाली" असं लिहून खाली स्वतःची सही केली.